‘सिनेमाने हे आधीच सांगितलं होतं’ : पडद्यावरच्या भविष्यातलं नेमकं काय खरं ठरलं?

व्हॉट्सअ‍ॅपवर किंवा इन्स्टाग्रामवर दर काही दिवसांनी एक पोस्ट फिरत येते. डावीकडे जुन्या इंग्रजी सिनेमातला एक फोटो, उजवीकडे आजचा टॅब्लेट, ड्रोन किंवा बोलका एआय. वर ओळ असते : ‘यांनी ५० वर्षांपूर्वीच सांगितलं होतं!’ फोटो बऱ्याचदा खरा असतो. पण त्या फोटोच्या आधी आणि नंतर सिनेमात काय घडतं, ते पोस्टमध्ये नसतं.

विज्ञानाने उद्याचं जग कसं बदलेल, हे सिनेमा अगदी सुरुवातीपासून सांगत आला आहे. फ्रान्सच्या जॉर्ज मेलिएसने १९०२ मध्ये तोफेच्या गोळ्यात माणसं भरून ती चंद्रावर उडवली. ती जादूगाराची गंमत होती. १९२७ च्या ‘मेट्रोपोलिस’ या जर्मन सिनेमात मात्र गंमत नव्हती. त्यात जमिनीवर बागा, गगनचुंबी इमारती आणि विमानं आहेत, तर जमिनीखाली हे सगळं चालवणाऱ्या यंत्रांना जुंपलेले कामगार आहेत.

त्यानंतरच्या बहुतेक चांगल्या भविष्यपटांमध्ये ‘मेट्रोपोलिस’सारखेच दोन भाग असतात : यंत्र काय करू शकेल आणि ते कोणाच्या हातात असेल. पहिला भाग अनेकदा आश्चर्य वाटावं इतका बरोबर येतो, कारण सिनेमावाल्यांनी तो शास्त्रज्ञांना आणि इंजिनिअरांना विचारून लिहिलेला असतो. दुसरा भाग प्रेक्षक थिएटरमध्येच सोडून येतात. पुढची उदाहरणं पाहिली की हे लक्षात येईल.

‘तीन, दोन, एक’ आलं कुठून?

इस्रोचं रॉकेट सुटताना आपण टीव्हीसमोर बसून उलटी मोजणी ऐकतो. ही पद्धत प्रयोगशाळेच्या आधी सिनेमात आली. ‘मेट्रोपोलिस’ बनवणाऱ्या फ्रिट्झ लांगचाच ‘फ्राउ इम मोंड’, म्हणजे ‘चंद्रावरची स्त्री’, हा मूकपट ऑक्टोबर १९२९ मध्ये बर्लिनमध्ये लागला. रॉकेट सुटण्याच्या दृश्यात पडद्यावर आकडे उलटे येतात आणि शेवटी ‘आता’ असा शब्द झळकतो. लांगचा हिशोब साधा होता. एक, दोन, तीन असं मोजत गेलं तर रॉकेट कधी सुटणार हे प्रेक्षकाला कळत नाही. उलटं मोजलं की शून्य कधी येणार ते सगळ्यांना ठाऊक असतं आणि ताण वाढत जातो.

या सिनेमाचे शास्त्रीय सल्लागार होते हर्मान ओबर्थ, रॉकेटविद्येच्या आद्य अभ्यासकांपैकी एक. त्यांच्यामुळे सिनेमातलं रॉकेट टप्प्याटप्प्यांचं आहे. ते प्रचंड शेडमधून उभंच बाहेर आणलं जातं. उड्डाणाच्या वेळी प्रवासी पलंगावर आडवे झोपतात आणि वजनरहित अवस्थेत पाय अडकवायला पट्टे असतात. हे सगळं पुढे चार दशकांनी अपोलोच्या काळात या ना त्या रूपात खरं झालं. (चंद्रावर पोहोचल्यावर मात्र पात्रं मोकळ्या हवेत श्वास घेतात. कथेसाठी घेतलेली ही सूट जरा जास्तच आहे.)

सिनेमाच्या जाहिरातीसाठी ओबर्थ यांनी एक खरंखुरं रॉकेट उडवून दाखवायचं ठरलं होतं. ते काही जमलं नाही. प्रयोगात स्फोट होऊन ओबर्थच जखमी झाले. पण या खटाटोपाभोवती तरुण हौशी लोक गोळा झाले आणि १९३० मध्ये ओबर्थ यांच्या हाताखाली काम करणाऱ्यांत वेर्नर फॉन ब्राउन नावाचा एक विद्यार्थी होता.

नाझी सत्तेवर आल्यानंतर सिनेमा बाजारातून काढून घेण्यात आला. लष्कराच्या गुप्त रॉकेट प्रकल्पाशी त्यातल्या गोष्टी फार जुळत होत्या. त्या प्रकल्पाचं नेतृत्व फॉन ब्राउन करत होता. ३ ऑक्टोबर १९४२ रोजी पेनम्युंड इथून पहिलं व्ही-२ रॉकेट यशस्वीपणे झेपावलं, तेव्हा त्याच्या बुडाशी ‘चंद्रावरची स्त्री’ हेच चित्र रंगवलेलं होतं. पुढे ही रॉकेटं लंडन आणि अँटवर्पवर कोसळली. ती तयार करण्यासाठी मिटेलबाऊ-डोरा या छळछावणीतल्या कैद्यांना राबवलं गेलं आणि तिथे हजारो माणसं मेली.

युद्धानंतर फॉन ब्राउन अमेरिकेत गेला. १९५५ मध्ये डिस्नेच्या ‘मॅन इन स्पेस’ या टीव्ही कार्यक्रमात तो हसतमुखाने अवकाशप्रवास समजावून सांगताना दिसतो. १९६९ मध्ये त्याच्याच सॅटर्न-५ रॉकेटने माणूस चंद्रावर पोहोचला.

लांगच्या सिनेमात चंद्रावर जायचा खर्च कोण करतं? चंद्रावर सोनं आहे असं मांडणाऱ्या प्राध्यापकाची आधी सगळे टिंगल करतात. मग त्याच सोन्यावर डोळा ठेवून असलेली बड्या भांडवलदारांची टोळी धमक्या देऊन मोहिमेत शिरते. म्हणजे रॉकेटचा मालक कोण, हा प्रश्न सिनेमात होता. रॉकेटवाल्यांनी बुडाशी रंगवण्यासाठी फक्त चित्र उचललं.

यंत्र बरोबर, पाटी चूक

‘यांनी आधीच सांगितलं होतं’ या प्रकारात सर्वात जास्त फिरणारा सिनेमा म्हणजे स्टॅन्ली कुब्रिकचा ‘२००१ : अ स्पेस ओडिसी’. तो एप्रिल १९६८ मध्ये आला, म्हणजे माणूस चंद्रावर उतरण्याच्या सव्वा वर्ष आधी. लेखनात आर्थर क्लार्क, यानांच्या रचनेसाठी नासाशी संबंधित राहिलेले फ्रेडरिक ऑर्डवे आणि हॅरी लांगे, संगणकासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचे अभ्यासक मार्व्हिन मिन्स्की. इतकी तयारी त्याआधी फार थोड्या सिनेमांनी केली असेल.

त्यात अंतराळवीर जेवताना सपाट पडद्यावर बातम्या पाहतात. २०११ मध्ये अ‍ॅपलने टॅब्लेटच्या डिझाइनवरून सॅमसंगला कोर्टात खेचलं, तेव्हा सॅमसंगने ‘ही कल्पना अ‍ॅपलची नाही’ हे दाखवण्यासाठी याच दृश्याचा दाखला दिला होता.

मला मात्र त्यातलं दुसरं दृश्य जास्त बोलकं वाटतं. डॉ. फ्लॉइड अवकाशस्थानकावरून पृथ्वीवरच्या आपल्या छोट्या मुलीला व्हिडिओ कॉल करतो. कॉल संपतो आणि पडद्यावर बिल येतं : १ डॉलर ७० सेंट. कॉल आहे बेल या टेलिफोन कंपनीचा, आणि फ्लॉइड आला आहे पॅन अ‍ॅम या विमान कंपनीच्या अवकाशयानातून.

१९६८ मध्ये या दोन्ही कंपन्या कधी बुडतील असं कोणाला वाटलं नसतं. लोकांचा तर इतका विश्वास होता की पॅन अ‍ॅमने चंद्रप्रवासासाठी काढलेल्या प्रतीक्षायादीत १९७१ पर्यंत सुमारे ९३ हजार जणांनी नावं नोंदवली. प्रत्यक्षात मक्तेदारीविरोधी खटल्यानंतर बेलची १९८४ मध्ये वाटणी झाली आणि पॅन अ‍ॅमचं शेवटचं विमान डिसेंबर १९९१ मध्ये उतरलं. सिनेमात अमेरिकन आणि सोव्हिएत शास्त्रज्ञ एकमेकांपासून गुपितं राखतात. तो सोव्हिएत संघही त्याच महिन्यात संपला. व्हिडिओ कॉल मात्र आला, आणि त्याचं वेगळं बिलही येत नाही. अ‍ॅपवाल्या कंपन्यांनी कमाईचे दुसरे रस्ते शोधले. हा पैशाचा व्यवहार कुब्रिकच्या तज्ज्ञांपैकी कोणाला दिसला नव्हता.

बायकांचंही तसंच. व्हॅलेंटिना तेरेश्कोवा १९६३ मध्येच अवकाशात जाऊन आली होती. तरी या सिनेमातल्या पॅन अ‍ॅमच्या यानात बायका आहेत त्या मुख्यतः ट्रे घेऊन फिरणाऱ्या. कृत्रिम गुरुत्वाकर्षणाची कल्पना करणं एकवेळ सोपं गेलं.

आणि हॅल? हा बोलणारा, विचार करणारा संगणक यानातल्या माणसांच्या जिवावर उठतो, म्हणून एआयवरच्या प्रत्येक चर्चेत त्याचा लाल डोळा दाखवला जातो. पण हॅल असा का वागतो? १९८४ मध्ये आलेल्या ‘२०१०’ या पुढच्या भागात ते स्पष्ट होतं. माहिती अचूक आणि न लपवता द्यायची, यासाठी हॅल बनवलेला असतो. त्याच वेळी मोहिमेचा खरा हेतू यानातल्या दोघा अंतराळवीरांपासून लपवून ठेवायचा आदेशही त्याला वरून मिळालेला असतो. दोन्ही पाळताना तो बिघडतो. तो आदेश देणारे अधिकारी कोणत्याही मीममध्ये दिसत नाहीत.

इशारा दिला, जाहिरात झाली

स्टीव्हन स्पीलबर्गच्या ‘मायनॉरिटी रिपोर्ट’ची (२००२) कथा २०५४ सालातल्या वॉशिंग्टनमध्ये घडते. तिथे खून होण्याआधीच खुन्याला पकडलं जातं. भविष्य दिसणारी तीन माणसं पाण्यात झोपवून ठेवलेली असतात. त्यांना दिसलेली दृश्यं पोलीस अधिकारी टॉम क्रूझ हातमोजे घालून, हवेत हात फिरवत चाळतो. सिनेमाच्या तयारीसाठी स्पीलबर्गने १९९९ मध्ये तज्ज्ञांची खास बैठक भरवली होती. हवेतल्या इशाऱ्यांची ती पद्धत एमआयटीच्या जॉन अंडरकॉफ्लर यांनी नीट व्याकरणासारखी बसवून दिली होती. सिनेमा आल्यावर त्यांनी हेच तंत्र विकणारी ऑब्लाँग ही कंपनी काढली.

विज्ञान आणि सिनेमाचे अभ्यासक डेव्हिड कर्बी यांनी या प्रकाराचा बारकाईने अभ्यास केला आहे. त्यांचा मुद्दा थोडक्यात असा : अजून अस्तित्वात नसलेलं यंत्र पडद्यावर सुरळीत चालताना दिसलं की प्रेक्षकाला ते शक्य वाटू लागतं, मग हवंहवंसं वाटू लागतं, आणि त्यासाठी पैसा उभा करणं सोपं जातं. सिनेमातलं यंत्र कधी हँग होत नाही, हा त्याचा मोठा फायदा.

पण सिनेमाचं नावच वेगळं काही सांगतं. तिघांपैकी एकाला कधीकधी वेगळं भविष्य दिसतं. तो अल्पमताचा अहवाल दडवला जातो, कारण यंत्रणा चुकू शकते हे लोकांना कळलं तर यंत्रणाच कोसळेल. शेवटी ती बंद केली जाते.

प्रत्यक्षात काय झालं? अमेरिकेत लॉस एंजेलिस पोलिसांनी ‘प्रेडपोल’ हे सॉफ्टवेअर अनेक वर्षं वापरलं. ते जुन्या गुन्ह्यांच्या नोंदी घेऊन आज गस्त कुठे घालावी ते सांगत असे. यात एक फेरा आहे. ज्या वस्तीत पोलीस आधीपासून जास्त फिरतात, तिथे नोंदी जास्त होतात. नोंदी जास्त म्हणून सॉफ्टवेअर पुन्हा तीच वस्ती दाखवतं, पोलीस पुन्हा तिथेच जातात आणि नोंदी आणखी वाढतात. जुना पूर्वग्रह अशा रीतीने आकड्यांचा वेश घेऊन परत येतो. टीका वाढल्यावर लॉस एंजेलिसने २०२० मध्ये त्याचा वापर थांबवला. त्याच वर्षी कॅलिफोर्नियातल्या सांता क्रूझ शहराने अशा पोलिसिंगवर बंदी घातली. ‘प्रेडपोल’ विकणारी कंपनी याच शहरातली.

हा विषय आपल्यापासून लांबचा नाही. पोलिसांच्या कामात एआय वापरण्यासाठी महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये ‘मार्व्हल’ नावाची कंपनी स्थापन केली, तिचं केंद्र नागपुरात आहे. (सुपरहिरोंशी संबंध नाही, ते एका लांबलचक इंग्रजी नावाचं लघुरूप आहे.) तपास वेगाने व्हायला, सायबर फसवणूक पकडायला अशा साधनांचा उपयोग होऊ शकतो. मात्र यंत्राला शिकवलेल्या नोंदी कोणत्या होत्या, ते चुकलं तर नागरिकाने दाद कुठे मागायची, हे ‘मायनॉरिटी रिपोर्ट’मधलेच प्रश्न इथेही विचारावे लागतील.

इशाऱ्याची जाहिरात कशी होते याचं ताजं उदाहरण ‘हर’ (२०१३) या सिनेमाचं. एकटा पडलेला माणूस फोनमधल्या सामंथा नावाच्या आवाजाच्या प्रेमात पडतो. मे २०२४ मध्ये ओपनएआयने माणसासारखं बोलणारं नवं मॉडेल दाखवलं, तेव्हा कंपनीचे प्रमुख सॅम ऑल्टमन यांनी एकच शब्द पोस्ट केला : ‘हर’. सामंथाचा आवाज देणाऱ्या स्कार्लेट जोहान्सनने त्यातला एक आवाज आपल्यासारखा वाटतो अशी जाहीर हरकत घेतली. तो दुसऱ्या अभिनेत्रीचा आहे असं कंपनीने सांगितलं, पण त्याचा वापर थांबवला. सिनेमाच्या उत्तरार्धात नायक सामंथाला विचारतो, तू आत्ता आणखी कोणाशी बोलते आहेस का? उत्तर मिळतं : ८,३१६ जणांशी, आणि त्यांतल्या ६४१ जणांवर तिचं प्रेम आहे. हा प्रसंग त्या एका शब्दाच्या पोस्टमध्ये मावणारा नव्हता.

कधी सिनेमाच विज्ञानाला काही देतो

दर वेळी घेणारा हात सिनेमाचाच असतो असं नाही. ‘इंटरस्टेलर’मधलं (२०१४) कृष्णविवर भौतिकशास्त्रज्ञ किप थॉर्न यांच्या समीकरणांवरून संगणकाने काढलेलं आहे. त्या कामातून थॉर्न आणि दृश्य-परिणाम करणाऱ्या चमूने शास्त्रीय नियतकालिकात शोधनिबंधही लिहिला. एक तडजोड मात्र केली. वेगाने फिरणाऱ्या तबकडीची आपल्याकडे येणारी बाजू जास्त उजळ दिसायला हवी. प्रेक्षक गोंधळतील म्हणून दोन्ही बाजू जवळपास सारख्या ठेवल्या. एप्रिल २०१९ मध्ये एम-८७ दीर्घिकेतल्या कृष्णविवराची पहिली प्रतिमा आली, तेव्हा तिची एक बाजू खरोखरच जास्त तेजस्वी होती.

थॉर्न यांना २०१७ मध्ये नोबेल मिळालं ते सिनेमासाठी नव्हे, तर लायगो या गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या प्रकल्पातल्या कामासाठी. त्याच जातीची वेधशाळा हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभी राहायची आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये त्यासाठी सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले. पुण्याची आयुका ही संस्था त्यात भागीदार आहे.

औषध आलं, किंमत १८ कोटी

‘गॅटाका’ (१९९७) फारसा चालला नाही, पण जनुकांवर बोलताना शास्त्रज्ञ त्याचं नाव घेतातच. त्यात पैसेवाले लोक जन्माआधीच मुलांची जनुकं निवडून घेतात. नैसर्गिकरीत्या जन्मलेल्या नायकाला अवकाशात जायचं आहे, पण त्याच्या वाट्याला झाडू येतो.

जनुकांत नेमका बदल करणारं क्रिस्पर तंत्र २०१२ नंतर झपाट्याने पुढे आलं. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनने आणि डिसेंबरमध्ये अमेरिकेने सिकलसेलवरच्या ‘कॅसजेव्ही’ या क्रिस्पर उपचाराला मान्यता दिली. रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या करणारा, असह्य वेदना देणारा हा आनुवंशिक आजार. उपचारात रुग्णाच्याच मूळपेशी बाहेर काढून, त्यांत बदल करून परत शरीरात सोडतात. विज्ञानाने शब्द पाळला असं म्हणावं असा हा क्षण आहे. अमेरिकेत त्याची जाहीर किंमत २२ लाख डॉलर आहे, म्हणजे तेव्हाच्या दराने साधारण १८ कोटी रुपये.

आपल्याकडे सिकलसेल प्रामुख्याने आदिवासी पट्ट्यात आहे : गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबार. भारताने जुलै २०२३ मध्ये सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू केली. तिचा भर सात कोटी लोकांची तपासणी आणि लग्नाआधी समुपदेशन यावर आहे. हायड्रॉक्सियुरिया हे जुनं, स्वस्त औषध वेळेवर आणि सलग मिळालं तरी पुष्कळ रुग्णांचा त्रास कमी होतो. ‘गॅटाका’ने जनुकांवरून होणारी वर्गवारी दाखवली. नंदुरबारच्या रुग्णापुढचा प्रश्न वेगळा आहे. त्याचा आजार कळला आहे, त्यावर उपचारही निघाला आहे, पण तो जगाच्या दुसऱ्या टोकाला आहे.

टांगा, बस आणि चरणपूरचा दिवा

यंत्र कोणासाठी, हा प्रश्न हिंदी सिनेमाने बराच आधी, अवकाशयानाशिवाय विचारला. बी. आर. चोप्रांच्या ‘नया दौर’मध्ये (१९५७) मालकाचा मुलगा गावात बस आणतो आणि टांगेवाल्यांची रोजी जाते. दिलीपकुमारचा टांगा बसशी शर्यत लावतो आणि जिंकतो. शर्यतीचा निकाल फिल्मी आहे, पण तक्रार खरी आहे. भांडण बसशी नाही, बस आल्यावर टांगेवाल्याने खायचं काय याच्याशी आहे.

आशुतोष गोवारीकरचा ‘स्वदेस’ (२००४) त्याच्या पुढे जातो. नायक मोहन भार्गव नासात पाऊस मोजणाऱ्या उपग्रहांच्या प्रकल्पावर काम करतो. हा प्रकल्प काल्पनिक नव्हता. त्याचा मुख्य उपग्रह फेब्रुवारी २०१४ मध्ये जपानमधून सोडला गेला. सिनेमातलं चरणपूर गाव मात्र काल्पनिक, आणि त्याचं बरंचसं चित्रीकरण वाईजवळच्या मेणवलीत झालं. तिथला घाट पाहायला लोक अजूनही जातात.

चरणपुरात मोहन जे यंत्र उभं करतो, त्यात नवं काहीच नाही. डोंगरावरचा झरा, साठवण, पाइप आणि एक जनित्र. शंभर वर्षांपूर्वीही जमलं असतं असं हे तंत्रज्ञान. अडचण असते ती माणसांची : जातींच्या वेगळ्या बसण्याच्या जागा, ‘आपल्याला काय त्याचं’ ही वृत्ती, आणि वीज ही सरकारने द्यायची म्हणून वाट पाहत बसणं. म्हणून सिनेमातला जास्त वेळ टर्बाइनऐवजी बैठकांवर खर्च होतो. भविष्याबद्दलच्या सिनेमांच्या यादीत ‘स्वदेस’चं नाव कोणी घालत नाही. मला तो तिथे असायला हवा असं वाटतं.

‘स्वदेस’साठी गोवारीकरच्या डोळ्यांसमोर जी गावं होती, त्यांत नंदुरबार जिल्ह्यातल्या, नर्मदा खोऱ्यातल्या बिलगावचं नाव घेतलं जातं. सातपुड्यातल्या या आदिवासी गावाने केरळातून आलेले तरुण इंजिनिअर आणि परदेशस्थ भारतीयांची ‘एड’ ही संस्था यांच्या मदतीने, स्वतः श्रमदान करून, २००३ मध्ये नदीच्या पाण्यावर छोटा वीजप्रकल्प उभा केला. खोऱ्यात त्याच काळात सरदार सरोवर धरणाची उंची वाढत होती आणि तिथली वीज दूरच्या शहरांसाठी होती.